एकच विंडोज थेटही आणि व्हर्च्युअल मशीनमध्येही : हे कसे चालते, कुठे बिघडते?

एका लॅपटॉपवर लिनक्स आणि विंडोज अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवणाऱ्यांची रोजची कटकट सारखीच असते. लिनक्समध्ये काम रंगात आलेले असताना टॅलीमधली एखादी नोंद पाहायची झाली, की सगळ्या खिडक्या बंद करा, संगणक रीस्टार्ट करा, यादीतून विंडोज निवडा. काम झाले की पुन्हा तोच फेरा. तो टाळण्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये दुसरे विंडोज बसवले, तर सगळी सॉफ्टवेअर नव्याने टाकावी लागतात, परवान्याचा प्रश्न येतो, फायली दोन ठिकाणी विखुरतात आणि डिस्कवरची बरीच जागाही जाते.

अशा वेळी साहजिकच एक प्रश्न पडतो. डिस्कवर विंडोज आधीच बसवलेले आहे. तेच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू करता येणार नाही का? म्हणजे हलक्या कामासाठी लिनक्सच्या खिडकीतच विंडोज उघडायचे आणि जड काम असेल तेव्हा तेच विंडोज संगणकावर थेट सुरू करायचे.

हे करता येते. मात्र त्यासाठी व्हर्च्युअल मशीनला खऱ्या डिस्कवर थेट लिहिण्याची मुभा द्यावी लागते, आणि तिथे झालेली एक चूक अख्खे पार्टिशन निकामी करू शकते. ही व्यवस्था कशी चालते, ती कुठे अडते आणि कोणती पथ्ये पाळावी लागतात, हे या लेखात पाहू.

## थोडक्यात

• व्हर्च्युअल मशीनला डिस्क म्हणून फाइल न देता खरी डिस्क किंवा तिचे एखादे पार्टिशन देता येते. त्यामुळे एकच इन्स्टॉलेशन दोन्ही प्रकारे सुरू होते.
• ऑपरेटिंग सिस्टिमला दर वेळी वेगळाच संगणक दिसतो. ड्रायव्हर, अ‍ॅक्टिव्हेशन, एन्क्रिप्शन आणि घड्याळ यांच्या अडचणी यातून उद्भवतात.
• सर्वात मोठा धोका म्हणजे एकच पार्टिशन दोन सिस्टिमनी एकाच वेळी वापरणे. त्याने डेटा खराब होतो.
• हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप बंद केल्याशिवाय आणि बॅकअप घेतल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

## ड्युअल बूट, व्हर्च्युअल मशीन आणि दोन्हींचा मेळ

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या पार्टिशनवर बसवण्याला ड्युअल बूट म्हणतात. संगणक सुरू होताना त्यांतली एक निवडायची. निवडलेल्या सिस्टिमला संपूर्ण प्रोसेसर, सगळी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड मिळते, म्हणून वेग पूर्ण असतो. मात्र एका वेळी एकच सिस्टिम चालते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक. आधीच चालू असलेल्या सिस्टिमला होस्ट, म्हणजे यजमान म्हणतात आणि आत चालणाऱ्या सिस्टिमला गेस्ट, म्हणजे पाहुणी. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, लिनक्सवरील केव्हीएम आणि विंडोजवरील हायपर-व्ही ही अशा सॉफ्टवेअरची परिचित नावे. पाहुणीला रॅम आणि प्रोसेसर यजमानाच्या वाट्यातूनच मिळतात. १६ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर ८ जीबी पाहुणीला दिली, तर उरलेल्या ८ जीबीवर यजमानाला भागवावे लागते.

तिसरा मार्ग या दोन्हींचा मेळ घालतो. इन्स्टॉलेशन एकच, पण सुरू करण्याचे मार्ग दोन. आत बसवलेली सॉफ्टवेअर, सेटिंग आणि फायली दोन्हीकडे त्याच असतात, कारण डिस्कवरची जागाच ती असते.

## हे शक्य कसे होते?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या खणांची लांबलचक रांग. अमुक क्रमांकाचा खण वाच, तमुक क्रमांकाच्या खणात हे लिही, एवढेच काम ती डिस्ककडून करून घेते. पलीकडे खरी एसएसडी आहे की आणखी काही, याच्याशी तिला देणेघेणे नसते.

नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ही खणांची रांग म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते. पाहुणीने काही लिहिले की ते त्या फाइलमध्ये जाते. याच ठिकाणी फाइलऐवजी खरी डिस्क जोडली, तर पाहुणीने मागितलेला खण थेट त्या डिस्कवरून येतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये यासाठी व्हीएमडीके प्रकारची एक छोटी फाइल तयार करतात. तिच्यात डेटा नसतो. कोणती डिस्क आणि तिची कोणती पार्टिशने वापरायची, एवढी नोंद असते. ठरावीक पार्टिशनच दिली, तर पार्टिशन टेबलची प्रत वेगळी ठेवली जाते आणि बाकीच्या पार्टिशनमधला मजकूर पाहुणीला वाचता येत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये नवे मशीन तयार करतानाच फिजिकल डिस्क वापरण्याचा पर्याय असतो. केव्हीएममध्ये डिस्क फाइलच्या जागी थेट डिस्कचे नाव देता येते.

नाव देताना एक काळजी घ्यावी लागते. लिनक्समध्ये डिस्कना सुरू होण्याच्या क्रमानुसार एसडीए, एसडीबी अशी नावे मिळतात. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला असताना संगणक सुरू झाला, तर ही नावे बदलू शकतात. त्यामुळे ड्राइव्हचे मॉडेल आणि अनुक्रमांक ज्यात असतात ते कायमचे नाव वापरावे. काल एसडीबी असलेली डिस्क आज एसडीसी झाली आणि पाहुणीला भलतीच डिस्क मिळाली, तर त्याचे परिणाम गंभीर असतात.

## कल्पना आजची नाही

एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याची कल्पना १९६०च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर आकाराला आली. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केले. जी सिस्टिम खऱ्या यंत्रावर चालते तीच आभासी यंत्रातही चालावी, हा त्याचा गाभा होता. नव्या आवृत्तीची चाचणी आभासी यंत्रात घ्यायची आणि त्याच वेळी जुन्या आवृत्तीवर नेहमीचे काम चालू ठेवायचे, असा त्याचा उपयोग होई.

घरगुती संगणकांवर ही सोय यायला बराच काळ गेला. व्हीएमवेअरचे वर्कस्टेशन १९९९ मध्ये आले. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या मुख्य कर्नेलचा भाग झाले. प्रोसेसरची मदत मिळू लागल्यामुळे साध्या लॅपटॉपवरही पाहुणी सिस्टिम बऱ्यापैकी वेगाने चालू लागली.

एकच इन्स्टॉलेशन दोन्ही प्रकारे वापरण्याची पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती मॅकमुळे. अ‍ॅपलने इंटेल प्रोसेसर स्वीकारल्यावर एप्रिल २००६ मध्ये बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती दिली. तिच्यामुळे मॅकवर विंडोज थेट बसवता येऊ लागले. पॅरलल्स डेस्कटॉप आणि व्हीएमवेअर फ्यूजन या सॉफ्टवेअरनी तेच बूट कॅम्पचे पार्टिशन मॅकच्या खिडकीत उघडण्याची सोय केली. नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आले. त्यांवर बूट कॅम्प नाही. या मॅकवर विंडोज चालवायचे तर एआरएम प्रोसेसरसाठी असलेले विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवावे लागते. थेट सुरू करण्याचा मार्ग तिथे बंद झाला.

## पहिली अडचण : दर वेळी वेगळा संगणक

थेट सुरू झालेल्या विंडोजला लॅपटॉपची खरी एनव्हीएमई एसएसडी, खरे ग्राफिक्स आणि खरे वाय-फाय दिसते. तेच विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू झाले की त्याला आभासी साटा कंट्रोलर, आभासी ग्राफिक्स आणि आभासी नेटवर्क कार्ड दिसते. एखाद्या संगणकातली डिस्क काढून दुसऱ्या कंपनीच्या संगणकात बसवावी, तसाच हा प्रकार.

सर्वात आधी अडते ते डिस्क कंट्रोलरपाशी. विंडोज सुरू होताना अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर डिस्कचा ड्रायव्हर लागतो. तो त्या टप्प्यासाठी चालू ठेवलेला नसेल, तर स्वतःचीच डिस्क विंडोजला सापडत नाही आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी निळी पाटी येते. पाटी भीतीदायक असली, तरी डेटा बहुतेक वेळा सुरक्षित असतो. फक्त ड्रायव्हर जुळलेला नसतो. यावर सोपा उपाय असा, की विंडोज थेट चालू असताना पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना देऊन ठेवायची आणि ती पहिली सेफ मोडची फेरी व्हर्च्युअल मशीनमध्ये करायची. सेफ मोडमध्ये विंडोज आपल्याजवळचे मूळ डिस्क ड्रायव्हर तपासते आणि योग्य तो उचलते. त्यानंतर सेफ मोडची सूचना काढून टाकायची.

विंडोज एक्सपीच्या काळात हे आणखी अवघड होते. एक्सपीमध्ये हार्डवेअरशी बोलणारा एक थर इन्स्टॉल करतानाच कायमचा निवडला जाई. खरा संगणक आणि आभासी संगणक यांसाठी हा थर वेगळा लागला, की सिस्टिम सुरूच होत नसे. त्यासाठी एक्सपीमध्ये दोन वेगळी हार्डवेअर प्रोफाइल तयार करण्याची शक्कल वापरली जाई. पुढच्या विंडोजमध्ये ही अडचण बरीच कमी झाली.

लिनक्स पाहुणी असेल, तर काम तुलनेने सोपे जाते, कारण बहुतेक ड्रायव्हर कर्नेलसोबतच येतात. तरी तिथेही मेख आहे. सुरुवातीच्या टप्प्यात लिनक्स इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइल वापरते. उबुंटूमध्ये या फाइलमध्ये बहुतेक सर्व उपयोगी ड्रायव्हर असतात. फेडोरामध्ये मात्र ज्या संगणकावर ती तयार झाली त्याला लागतील तेवढेच ड्रायव्हर घातले जातात. फेडोरा व्हर्च्युअल मशीनमध्ये अडले, तर बूट यादीतल्या रेस्क्यू पर्यायाने ते सुरू करावे आणि सर्व ड्रायव्हर असलेली फाइल नव्याने तयार करून घ्यावी.

नेटवर्क कार्डाची नावेही बदलतात. थेट चालताना ईएनपी३एस० असलेले कार्ड व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३ होते. ठरावीक आयपी पत्ता एका नावाला बांधून ठेवला असेल, तर दुसरीकडे नेटवर्क चालणार नाही. एनव्हिडिया कार्डासाठी डिस्प्लेची सेटिंग हाताने लिहिलेली असतील, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये काळी स्क्रीन दिसू शकते. अशी बांधून ठेवलेली सेटिंग काढून निवड सिस्टिमवर सोडणे चांगले.

## बूट होण्याची पद्धत जुळायला हवी

आजचे लॅपटॉप युईएफआय पद्धतीने सुरू होतात. व्हर्च्युअल मशीन मात्र अनेकदा जुन्या बायोस पद्धतीवर ठेवलेले असते. खरे इन्स्टॉलेशन युईएफआयचे असेल, तर व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्येही युईएफआय चालू करावे लागते. नाहीतर ‘बूट होण्याजोगे काही सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि डिस्कच बिघडली अशी उगीच समजूत होते.

युईएफआयचा बूटलोडर ईएफआय नावाच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनवर असतो. ड्युअल बूट संगणकावर विंडोज आणि लिनक्स बहुधा हेच एक पार्टिशन वाटून घेतात, आणि इथेच गुंता होतो. पाहुण्या विंडोजला सुरू होण्यासाठी ते हवे असते, आणि यजमान लिनक्सने ते आधीच उघडलेले असते. दोघांनी त्यात लिहिले, तर दोन्ही सिस्टिम सुरू होणे बंद पडू शकते. व्हर्च्युअल मशीनसाठी बूट फायली असलेली वेगळी छोटी आभासी डिस्क किंवा आयएसओ तयार करणे, हा त्यातला सुरक्षित मार्ग. त्याहून सोपा मार्ग म्हणजे दोन सिस्टिम दोन वेगळ्या एसएसडीवर ठेवणे. मग प्रत्येकीचे ईएफआय पार्टिशन स्वतंत्र असते आणि पाहुणीला तिची अख्खी डिस्क बिनघोर देता येते.

## सर्वात मोठा धोका : एका वहीत दोन हात

फाइल सिस्टिम ही एखाद्या दुकानाच्या खातेवहीसारखी असते. कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा रिकामी आहे, याच्या नोंदी तिच्यात असतात. वेगासाठी ऑपरेटिंग सिस्टिम या नोंदींचा बराच भाग रॅममध्ये ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. वही आपल्याशिवाय दुसरे कोणी हाताळत नाही, हे तिने गृहीत धरलेले असते.

एकच पार्टिशन होस्ट आणि गेस्ट या दोघांनी एकाच वेळी उघडले, की हे गृहीतक कोसळते. एकीला जी जागा रिकामी वाटते, तिथे दुसरीने नुकतीच फाइल लिहिलेली असते. दोघी एकमेकींच्या नोंदी पुसत जातात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढच्या वेळी सुरू केल्यावर फायली गायब होतात, किंवा सिस्टिम सुरूच होत नाही. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्ही नेहमीच्या फाइल सिस्टिम एका वेळी एकाच सिस्टिमने वापरण्यासाठी बनवलेल्या आहेत. अनेक संगणकांनी एकत्र वापरायच्या जीएफएस२ सारख्या फाइल सिस्टिम वेगळ्या असतात आणि त्या घरगुती संगणकावर सहसा नसतात.

ही चूक चार वाटांनी घडते.

पहिली वाट म्हणजे सहज केलेला क्लिक. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये विंडोजचे पार्टिशन डाव्या बाजूला दिसत असते. व्हर्च्युअल मशीन चालू असताना त्यावर क्लिक केले, की ते यजमानातही उघडते. म्हणून ते आपोआप उघडू नये आणि शक्य तर यादीत दिसूच नये, अशी सोय आधीच करावी. दोन्हीकडे लागणाऱ्या फायली शेअर्ड फोल्डरमधून द्याव्यात.

दुसरी वाट त्याहून भयंकर. यजमान ज्या पार्टिशनवरून स्वतः चालला आहे, तेच पार्टिशन चुकून पाहुणीला देऊन सुरू करणे. व्हर्च्युअलबॉक्सच्या माहितीपुस्तिकेतही ही चूक करू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. अख्खी डिस्क दिली असेल, तर व्हर्च्युअल मशीनमधला बूट मेनू लिनक्सचाही पर्याय दाखवतो. वेळेवर विंडोज निवडले नाही, तर चालू असलेले लिनक्स दुसऱ्यांदा सुरू होऊ शकते.

तिसरी वाट हायबरनेशनची. हायबरनेट करताना रॅममधली सगळी अवस्था डिस्कवर लिहिली जाते आणि पुन्हा सुरू करताना तिथूनच उचलली जाते. खऱ्या हार्डवेअरवर गोठवलेली अवस्था आभासी हार्डवेअरवर उठवण्यात अर्थ नसतो. शिवाय मधल्या काळात डिस्कवर बदल झाले असतील, तर गोठवलेल्या जुन्या नोंदी नव्यांवर लिहिल्या जातात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप ही सोय आली आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा हायबरनेट झालेला असतो. अनेकांना हे ठाऊक नसते. संगणक बंद केला, म्हणजे पार्टिशन मोकळे झाले, असे त्यांना वाटते. ‘रीस्टार्ट’ केले तर मात्र विंडोज पूर्ण बंद होऊन सुरू होते. फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन दोन्ही बंद करणे, हाच पक्का उपाय.

चौथी वाट स्नॅपशॉट आणि सस्पेंड यांची. व्हर्च्युअल मशीन मधेच गोठवून ठेवले आणि तेच विंडोज थेट सुरू केले, की गोठवलेल्या मशीनच्या रॅममधल्या नोंदी शिळ्या होतात. ते मशीन नंतर उठवले, तर शिळ्या नोंदी डिस्कवर जातात. स्नॅपशॉटमध्ये फक्त बदललेले खण वेगळे साठवलेले असतात. मूळ डिस्क परस्पर बदलली की ते निरर्थक ठरतात. बूट कॅम्पचे पार्टिशन वापरताना पॅरलल्समध्ये सस्पेंड आणि स्नॅपशॉट या सोयी मिळत नाहीत, त्याचे कारण हेच. इतर सॉफ्टवेअरने ती मुभा दिली, तरी ती वापरू नये. व्हर्च्युअल मशीन नेहमी पूर्ण शट डाउन करावे.

## बिटलॉकर, पिन आणि टीपीएम

विंडोजमध्ये बिटलॉकरने ड्राइव्ह कुलूपबंद असेल, तर त्याची किल्ली संगणकातल्या टीपीएम चिपशी बांधलेली असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ती चिप नसते किंवा वेगळी आभासी चिप असते. त्यामुळे विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती जवळ नसेल, तर आतले काहीही उघडत नाही.

अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून प्रयोगाआधी ते चालू आहे का हे पाहावे आणि रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर जपून ठेवावी. विंडोज हॅलोचा पिनही टीपीएमशी जोडलेला असतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये पिन चालला नाही, तर खात्याचा पासवर्ड लागतो. तो आठवत असावा.

## अ‍ॅक्टिव्हेशन आणि परवाना

विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोजचे अ‍ॅक्टिव्हेशन हार्डवेअरच्या ओळखीशी जोडलेले आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये ही ओळख बदलते, त्यामुळे विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू शकते. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की बहुधा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते आणि ती व्हर्च्युअल मशीनला आपोआप दिसत नाही.

तांत्रिक बाजूइतकीच कायदेशीर बाजूही महत्त्वाची आहे. विंडोजच्या परवान्याच्या अटींनुसार एक परवाना एका उपकरणावरील एका प्रतीसाठी असतो, मग ते उपकरण खरे असो वा आभासी. एकच प्रत आलटून पालटून दोन्हीकडे चालवण्याआधी आपल्या परवान्याच्या अटी वाचणे श्रेयस्कर. कार्यालयाच्या संगणकावर हे करायचे असेल, तर संगणक विभागाची परवानगी घ्यावी.

हार्डवेअरची ओळख तपासणाऱ्या इतर महागड्या सॉफ्टवेअरचेही असेच होते. परवाना यूएसबी डोंगलवर असेल, तर डोंगल व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येतो. परवाना संगणकाच्या ओळखीवर असेल, तर ते सॉफ्टवेअर एकीकडे चालेल आणि दुसरीकडे नाही, असे होऊ शकते.

## साडेपाच तासांचा घोळ

भारतात या व्यवस्थेची एक हमखास खूण म्हणजे साडेपाच तास पुढे किंवा मागे गेलेले घड्याळ. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे, असे विंडोज मानते. लिनक्स तेच घड्याळ जागतिक प्रमाणवेळेत आहे, असे धरते. व्हर्च्युअल मशीनही पाहुणीला यांपैकी एक वेळ देते. भारतीय वेळ प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे असल्यामुळे घोळ झाला की फरक नेमका तेवढाच येतो.

हे किरकोळ वाटले, तरी घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, बँकेची आणि ओटीपीची कामे अडतात, हिशेबाच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते. पाहुणी विंडोज असेल तर व्हर्च्युअल मशीनचे घड्याळ स्थानिक वेळेवर आणि लिनक्स असेल तर प्रमाणवेळेवर ठेवावे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र पर्याय आहे.

## उलटा मार्ग : फाइलमधूनच संगणक सुरू करणे

आतापर्यंत खरे पार्टिशन व्हर्च्युअल मशीनमध्ये नेण्याचा मार्ग पाहिला. याच्या उलटही करता येते. विंडोज ७ च्या एंटरप्राइझ आणि अल्टिमेट आवृत्त्यांपासून मायक्रोसॉफ्टने व्हीएचडी फाइलमधून संगणक थेट सुरू करण्याची सोय दिली. व्हीएचडी म्हणजे आभासी डिस्कची फाइल. तिच्यात बसवलेले विंडोज हायपर-व्हीमध्येही चालते आणि बूट यादीत नोंद केली की खऱ्या हार्डवेअरवरही.

या पद्धतीत पार्टिशनची कापाकापी लागत नाही आणि बॅकअप म्हणजे एका फाइलची प्रत. मर्यादाही आहेत. थेट सुरू करताना बूटलोडर खऱ्या डिस्कवर असतो, तर हायपर-व्हीसाठी तो फाइलच्या आत लागतो. फाइल वाढत जाणाऱ्या प्रकारची असेल, तर तिच्या कमाल आकाराएवढी जागा डिस्कवर रिकामी असावी लागते. अशा विंडोजमध्ये हायबरनेशनही चालत नाही. अर्थात वर पाहिल्याप्रमाणे ते नसलेलेच बरे.

## करायचेच असेल तर हा क्रम पाळावा

१. महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा. तो उघडून तपासावा.

२. बिटलॉकर चालू आहे का ते पाहून रिकव्हरी की जपून ठेवावी. खात्याचा पासवर्ड लक्षात असल्याची खात्री करावी.

३. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद करावे. मग विंडोज पूर्ण शट डाउन करावे.

४. होस्टमध्ये ते पार्टिशन आपोआप उघडणार नाही, अशी तजवीज करावी.

५. व्हर्च्युअल मशीन तयार करताना युईएफआय किंवा बायोस, यांपैकी मूळ इन्स्टॉलेशनशी जुळणारा पर्याय निवडावा. डिस्कचे कायमचे नाव वापरावे आणि गरजेची पार्टिशनच द्यावीत.

६. लिनक्समध्ये डिस्क वापरण्याची परवानगी देताना स्वतःचे खाते सरसकट ‘डिस्क’ गटात घालू नये. त्या गटातल्या खात्याला सगळ्या डिस्कवर कुठेही लिहिता येते. ठरावीक पार्टिशनपुरती परवानगी देणारा नियम लिहावा.

७. पहिली फेरी सेफ मोडमध्ये करावी. विंडोज नीट सुरू झाल्यावर व्हर्च्युअल मशीनची पूरक सॉफ्टवेअर बसवावीत.

८. लगेच शट डाउन करून तेच विंडोज थेट सुरू करून पाहावे. दोन्ही मार्ग चालतात, याची खात्री झाल्यावरच रोजच्या वापराला घ्यावे.

९. पुढे कधी पार्टिशनचा आकार बदलला, तर व्हर्च्युअलबॉक्सची ती छोटी नोंद फाइल टाकून नवी तयार करावी. जुन्या नोंदीवर मशीन चालवले, तर ते चुकीच्या जागी लिहू शकते.

१०. विंडोजचे मोठे अपडेट शक्यतो थेट सुरू असतानाच करावे. अपडेटच्या मधल्या रीस्टार्टमध्ये मार्ग बदलू नये.

## कोणासाठी योग्य, कोणासाठी नाही?

जड काम आणि हलके काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये असणाऱ्यांना ही व्यवस्था सोयीची पडते. उदाहरणार्थ, व्हिडिओचे संकलन थेट विंडोजवर करायचे आणि त्याच प्रकल्पातली एखादी ओळ दुरुस्त करायची असेल तेव्हा लिनक्सच्या खिडकीत उघडायचे. जुन्या संगणकावर बसवलेले, आता पुन्हा मिळणार नाही असे सॉफ्टवेअर हाताशी ठेवण्यासाठीही तिचा उपयोग होतो.

केवळ रीस्टार्टचा कंटाळा म्हणून हा मार्ग धरू नये. विंडोजमधले हलके काम असेल, तर साधे, वेगळे व्हर्च्युअल मशीन पुरते आणि त्यात स्नॅपशॉटसारख्या सोयीही मिळतात. आहे ते विंडोज तसेच्या तसे आत हवे असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले डिस्क२व्हीएचडी हे साधन चालू विंडोजची प्रत फाइलमध्ये काढून देते. त्यानंतर मूळ आणि प्रत वेगळ्या वाटेने जातात, पण एकमेकींना इजा करत नाहीत. विंडोजवर काम करणाऱ्याला लिनक्सच्या कमांड हव्या असतील, तर डब्ल्यूएसएल हा त्याहून सरळ पर्याय आहे.

## नेहमी पडणारे प्रश्न

व्हर्च्युअल मशीनमध्ये केलेले बदल थेट सुरू केल्यावर दिसतात का?
हो. डिस्क एकच असल्यामुळे बसवलेले सॉफ्टवेअर, पुसलेली फाइल, बदललेला पासवर्ड, सगळे दोन्हीकडे सारखेच राहते. व्हायरस शिरला तर तोही दोन्हीकडे असतो.

वेगात किती फरक पडतो?
लिहिणे, हिशेब, ब्राउझर अशा कामांत फारसा जाणवत नाही. खेळ आणि थ्रीडी कामांत मोठा फरक पडतो, कारण आभासी ग्राफिक्सची ताकद कमी असते.

विंडोज आत आणि बाहेर एकाच वेळी चालेल का?
नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. एका वेळी एकाच मार्गाने ते सुरू असावे, हा या व्यवस्थेचा पहिला नियम आहे.

निळी पाटी आली तर काय करावे?
घाईने विंडोज पुन्हा इन्स्टॉल करू नये. व्हर्च्युअल मशीन बंद करून विंडोज थेट सुरू करून पाहावे. तिथे ते चालले, तर डेटा शाबूत आहे आणि प्रश्न ड्रायव्हरचा किंवा बूट पद्धतीचा आहे.